एका संघाचे तीन नायक: ‘एल दिया मेनोस पेन्सादो’ आणि मोव्हिस्तारचा २०१९ चा हंगाम

‘एल दिया मेनोस पेन्सादो’ ही सहा भागांची स्पॅनिश माहितीपट-मालिका २७ मार्च २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आली. होसे लारासा आणि मार्क पोन्स हे तिचे दिग्दर्शक. स्पेनच्या मोव्हिस्तार या व्यावसायिक सायकल संघाचा २०१९ चा हंगाम हा तिचा विषय. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘ज्याचा सर्वांत कमी विचार केला होता तो दिवस’ असा होतो. मराठीत ‘ध्यानीमनी नसताना’ म्हटले की तो नेमका पोहोचतो. मालिका आली तेव्हा करोनाच्या साथीमुळे युरोपातील शर्यती थांबल्या होत्या, स्पेनमध्ये टाळेबंदी होती आणि सायकलप्रेमींना नवे पाहण्याजोगे काही उरले नव्हते. तिच्या गाजण्यात या योगायोगाचा वाटा आहेच. तरीही ती आज पुन्हा पाहावीशी वाटते. एका मातब्बर संघाचे घर आतून कसे चालते आणि घराचा कर्ता कोण हे कोणी ठामपणे ठरवलेच नाही तर त्या घराचे काय होते, हे तिच्याइतके उघडपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. आणि ते दाखवले संघाला पैसा पुरवणाऱ्या दूरसंचार कंपनीच्याच उद्योगसमूहाने, हे त्याहून नवलाचे.

रस्त्याच्या कडेने जे दिसत नाही

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी अनेकांच्या दारावरून या शर्यती गेलेल्या आहेत. २०१४ साली टूर द फ्रान्स इंग्लंडमधील लीड्स शहरातून निघाली. २०१८ साली जिरो दी’तालियाचा प्रारंभ जेरुसलेममध्ये झाला. संयुक्त अरब अमिरातीत तर २०१९ पासून दर हिवाळ्यात पहिल्या फळीची शर्यत होते. तासन्‌तास उन्हात उभे राहावे, पोलिसांच्या मोटारसायकली जाव्यात, मग रंगीबेरंगी घोळका सुसाट येऊन अर्ध्या मिनिटात नाहीसा व्हावा, एवढेच प्रेक्षकाच्या वाट्याला येते. कोण जिंकले ते संध्याकाळी कळते. का जिंकले, हे बहुधा कळतच नाही.

त्याचे कारण असे की सायकल शर्यत हा संघाचा खेळ आहे, पण विजेता मात्र एकच. पुढच्याच्या चाकामागे राहिले की वाऱ्याचा रोध तो झेलतो आणि मागच्याची जवळजवळ एक तृतीयांश शक्ती वाचते; घोळक्याच्या पोटात दडले तर त्याहूनही अधिक. तेव्हा ज्याला जिंकवायचे त्याला वारा लागू द्यायचा नाही, हे संघातील उरलेल्यांचे काम. तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीत प्रत्येक संघाचे आठ जण असतात. त्यांतला एक नायक. बाकीचे त्याच्यासाठी वारा खातात, मागे येणाऱ्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतात, त्याचे चाक निकामी झाले तर आपले काढून देतात आणि घाटाच्या पायथ्याशी दमून गळून पडतात. फ्रेंचमध्ये त्यांना घरगडी अशा अर्थाचा शब्द आहे, स्पॅनिशमध्ये पाणी वाहणारा असा. मराठीत आपल्याकडे ‘पाणक्या’ हा जुना, अचूक शब्द तयारच आहे. डॅनिश दिग्दर्शक योर्गन लेथ यांनी १९७३ च्या जिरोवर केलेल्या माहितीपटाचे नावही ‘तारे आणि पाणके’ असेच आहे.

हे सारे मागच्या गाडीतून चालवले जाते. गाडीत संघाचा संचालक बसलेला असतो, त्याच्यासमोर दूरचित्रवाणीचा लहान पडदा असतो आणि त्याचा आवाज थेट खेळाडूच्या कानात पोहोचतो. थांब, ओढ, त्याची वाट पाहा, तू जा. शर्यतीचा निकाल पुष्कळदा या चार आज्ञांवर ठरतो, आणि त्या प्रेक्षकाला ऐकू येत नाहीत. या मालिकेचे कॅमेरे त्या गाडीत, संघाच्या बसमध्ये आणि मालिशच्या खोलीत आहेत. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ कोण झाला हे वर्तमानपत्रात वाचत लहानाचे मोठे झालेल्यांना त्या राजाच्या मागे किती जणांचे पाय खर्ची पडू शकतात, हे येथे पाहता येईल.

घर जुने, वारस तीन

मोव्हिस्तार हे नाव २०११ पासूनचे. संघ मात्र १९८० चा. होसे मिगेल एचावारी यांनी नवारा प्रांतात तो उभारला तेव्हा त्याचे नाव रेनॉल्ड्स होते. पुढे बानेस्तो ही बँक आली, मग बेलिआरिक बेटांचे प्रादेशिक सरकार, मग फ्रान्समधील एक बचत बँक आणि शेवटी तेलेफोनिका ही दूरसंचार कंपनी, जिच्या मोबाइल सेवेचे नाव मोव्हिस्तार. दर काही वर्षांनी नाव बदलण्याचे कारण सरळ आहे. या खेळात तिकिटे नाहीत. प्रक्षेपणाचा पैसा शर्यतीच्या आयोजकांकडे जातो. संघ जगतो तो छातीवरच्या नावावर. ते नाव देणाऱ्याने हात आखडता घेतला की संघाला नवा दाता शोधावा लागतो किंवा दुकान बंद करावे लागते. २०१९ च्याच हंगामात, मे महिन्यात, त्या काळचा सर्वांत बलाढ्य स्काय संघ आपले नाव टाकून इनिऑस झाला.

जुन्या घराच्या भिंतीवर तसबिरी मोठ्या आहेत. पेद्रो देल्गादो याने १९८८ ची टूर जिंकली आणि मिगेल इंदुराइनने १९९१ ते १९९५ अशा सलग पाच. इंदुराइनची गोष्ट या मालिकेच्या संदर्भात विसरता येत नाही. त्याच्या पाच विजयांच्या आधीची काही वर्षे तो देल्गादोचा पाणक्या होता. १९९० च्या टूरमध्ये तो देल्गादोहून सरस दिसत असतानाही त्याच्यासाठी थांबला, राबला आणि स्वतः दहावा आला. पुढच्या वर्षी घराची किल्ली त्याच्या हाती आली. संघाचे व्यवस्थापक एउसेबियो उनझुए त्या दिवसांपासून या घरात आहेत. ‘थांबलेल्याला पुढे त्याची पाळी मिळते’ ही रीत त्यांच्या डोळ्यांसमोर घडली होती.

२०१९ मध्ये मात्र पाळी लावून उभे असणारे एकाहून अधिक होते.

आलेहांद्रो वाल्वेर्दे, वय ३९, आदल्या वर्षी इन्सब्रुकला जगज्जेता झालेला, म्हणून वर्षभर अंगावर इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी. स्पेनमध्ये अफाट लोकप्रिय. (ऑपरेशन पुएर्तो या उत्तेजक-प्रकरणात त्याच्यावर २०१० व २०११ अशी दोन वर्षे बंदी होती. मालिकेचा भर त्यावर नाही. वाचकाने ती माहिती जवळ बाळगून पाहावे.) दुसरा कोलंबियाचा नाइरो किंताना. २०१४ ची जिरो आणि २०१६ ची व्हुएल्ता त्याने याच संघाकडून जिंकलेली, टूरमध्ये दोनदा दुसरा, एकदा तिसरा. पिवळी जर्सी एवढेच त्याचे राहिलेले आणि दरवर्षी थोडे थोडे दूर जाणारे स्वप्न. तिसरा बास्क प्रांताचा मिकेल लांदा. हा नशिबाचा मारा खाल्लेला. २०१७ च्या टूरमध्ये स्काय संघात ख्रिस फ्रूमसाठी राबून त्याचे तिसरे स्थान अवघ्या एका सेकंदाने हुकले होते. ज्याला एकदा मोकळे सोडले तर काय होईल हे कधी कळलेच नाही, असा तो खेळाडू. त्याच्या चाहत्यांच्या या चिवट आशेला स्पेनमध्ये ‘लांदिस्मो’ असे पंथासारखे नावच पडले आहे.

आणि कोपऱ्यात शांतपणे बसलेला चौथा, रिचार्ड कारापास. एक्वादोरच्या उत्तर सीमेवरील कार्ची प्रांतातला, शेतकरी घरातला. २०१८ च्या जिरोत तो चौथा आला होता, तरी २०१९ च्या आरंभी नायकांच्या यादीत त्याचे नाव कोणी पहिले घेत नव्हते.

जिरो: ध्यानीमनी नसताना

हंगामाची सुरुवात मोडतोडीने झाली. लांदा वर्षारंभीच मायोर्का बेटावरील शर्यतीत पडला आणि त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. वाल्वेर्दे वसंतात सराव करताना पडला आणि दुखापतीमुळे जिरोला मुकला. त्यामुळे ११ मे रोजी बोलोन्याहून जिरो निघाली तेव्हा संघाकडे लांदा व कारापास असे दोघे पुढारी उरले, आणि त्यांतही वजन लांदाचे.

चौथ्या दिवशी फ्रास्काती येथे कारापास जिंकला. तरी डोळे उघडले नाहीत. इतर संघांचे तर नाहीतच. चौदाव्या टप्प्यावर, आल्प्समध्ये कूरमायोरच्या वाटेवर, तो कोल्ले सान कार्लोच्या चढावर निसटला. मागे इटलीचा विन्चेन्झो निबाली आणि स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच, म्हणजे ज्यांच्यात शर्यत आहे असे सगळे समजत होते ते दोघे, एकमेकांकडे पाहत राहिले. पाठलागाचा भार दुसऱ्याने उचलावा ही दोघांची इच्छा. कारापास त्या दिवशी टप्पाही जिंकला आणि गुलाबी जर्सीही घेऊन गेला. रोग्लिचवर त्याची आघाडी तेव्हा केवळ सात सेकंदांची होती. पुढच्या आठवड्यात ती वाढत गेली, आणि २ जून रोजी वेरोनाच्या प्राचीन रोमन प्रेक्षागारात तो निबालीपेक्षा १ मिनिट ५ सेकंदांनी विजयी ठरला. तीन आठवड्यांची मोठी शर्यत जिंकणारा एक्वादोरचा तो पहिला.

मालिकेतील हा भाग आनंदाचा आहे, आणि दिग्दर्शकांनी तो आनंद मोकळा सोडला आहे. पण याच जिरोचा दुसरा आकडा विसरू नये. शेवटच्या दिवशी सकाळी लांदा तिसरा होता. संध्याकाळी, एकेकट्याने घड्याळाशी लढायच्या टप्प्यानंतर, तो चौथा झाला. रोग्लिचहून आठ सेकंद मागे. कारापासला गुलाबी जर्सी मिळाल्यावर लांदाने त्याच्यासाठीही पाय झिजवले होते. दोन वर्षांपूर्वी एक सेकंद, आता आठ. एकाच टेबलावर मेजवानी चालू असताना एक माणूस ताटाकडे पाहत बसला आहे, असा तो प्रसंग. आणि घराला त्याची समजूत काढायला वेळ नाही, कारण पाच आठवड्यांत टूर आहे.

टूर: भाराभर चिंध्या

जुलैमध्ये संघ किंताना, लांदा आणि वाल्वेर्दे अशा तिघांना घेऊन ब्रुसेल्सला उतरला. तीन नायकांची कल्पना कागदावर वाईट नव्हती. प्रतिस्पर्ध्याला कोणाच्या मागे धावावे हे कळू नये, आज एकाने हल्ला करावा, उद्या दुसऱ्याने. पण त्यासाठी प्रत्येकाने हे मान्य करावे लागते की आपला हल्ला कदाचित दुसऱ्याच्या भल्यासाठी आहे. आपल्याकडे एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात. मालिकेचा मधला भाग पाहताना ही म्हण सारखी आठवते.

दहाव्या टप्प्यावर आल्बीजवळ लांदाला धक्का लागून तो रस्त्याच्या कडेला फेकला गेला. दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला. चौदाव्या टप्प्यावर तूर्मालेच्या घाटात मोव्हिस्तारने पुढे येऊन वेग वाढवला. उद्देश प्रतिस्पर्ध्यांना दमवण्याचा होता. त्या वेगाने जो मागे पडला तो त्यांचाच किंताना. आपल्याच माणसांनी फुंकलेल्या आगीत आपलाच नायक होरपळावा, आणि पुढे ओढणाऱ्यांना ते लगेच उमगूही नये, हे दृश्य त्या दिवशी जगाने थेट पाहिले. मालिका आपल्याला त्याच दृश्याच्या मागे नेते. कानातल्या यंत्रावर कोणी बोलले, कोणी बोलले नाही, दमलेल्या माणसाने मी दमलो आहे हे वेळेवर सांगावे की नाही, आणि सांगितले नसेल तर का नाही, हे सारे प्रश्न तेथे उघडे पडतात. थकवा लपवणे ही सायकलपटूची जुनी विद्या आहे, ती प्रतिस्पर्ध्यांसाठी. येथे ती घरातल्या घरात वापरली जात होती.

पाच दिवसांनी, २५ जुलैला, तोच किंताना गालिब्ये घाट ओलांडून वालुआरला एकटा पोहोचला आणि टप्पा जिंकला. पॅरिसमध्ये हिशेब असा लागला: लांदा सहावा, किंताना आठवा, वाल्वेर्दे नववा. पहिल्या दहांत तिघे, पहिल्या तिघांत कोणी नाही. सांघिक बक्षीस मात्र मोव्हिस्तारचे. रोज संघातील पहिल्या तिघांच्या वेळांची बेरीज करून हे बक्षीस ठरते. २०१५ ते २०२० या सहा वर्षांत एक २०१७ सोडले तर प्रत्येक टूरमध्ये ते याच संघाने नेले. इतर संघ त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि सायकलप्रेमींत त्यावरून थट्टा चालते. मला ती थट्टा थोडी अन्यायाची वाटते. तीन सशक्त माणसे रोज पुढे ठेवणे सोपे नाही. पण त्या तिघांपैकी एकासाठी उरलेल्या दोघांनी आपली वेळ उधळली असती तर बेरीज बिघडली असती आणि कदाचित एखादा व्यासपीठावर चढला असता, हेही खरेच.

व्हुएल्ता: सोलेरचे हात

माझ्या मते मालिकेचा गाभा शेवटच्या शर्यतीत आहे, आणि तो यांपैकी कोणत्याही नायकाचा नाही.

कारापास व्हुएल्ताला नव्हता. शर्यतीच्या तोंडावर हॉलंडमधील एका प्रदर्शनी शर्यतीत पडून त्याचा खांदा दुखावला होता. किंतानाने दुसराच टप्पा जिंकून सुरुवात चांगली केली. १ सप्टेंबरला नववा टप्पा आंदोरात होता. अंतर शंभर किलोमीटरहूनही कमी, पण घाटांमागून घाट, मध्ये कच्च्या रस्त्याचा तुकडा आणि वर गारांचा पाऊस. वादळामुळे प्रक्षेपणही खंडित झाले. चित्र परत आले तेव्हा अंतिम चढावर मोव्हिस्तारचा मार्क सोलेर आघाडीवर होता. पंचविशीतला कातालान तरुण, आदल्या वर्षी पॅरिस–नीस जिंकलेला, पण मोठ्या शर्यतीत एकही टप्पा नावावर नसलेला. टप्पा त्याच्या हाताशी आला होता.

तेवढ्यात कानात आज्ञा आली: थांब, मागून नाइरो येतो आहे, त्याला ओढ.

सोलेरने दोन्ही हात हवेत उडवले. कॅमेऱ्यासमोर, साऱ्या स्पेनसमोर. त्याचा अर्थ सांगायला भाषांतर लागत नाही. मग तो थांबला. किंताना आला, आणि सोलेरने जमेल तितके ओढले. टप्पा जिंकला वीस वर्षांच्या एका नवख्याने. तादेय पोगाचार त्याचे नाव. किंताना दुसरा आला आणि लाल जर्सी त्याच्या अंगावर चढली. दुसऱ्या दिवशी विश्रांती होती. त्यानंतरच्या टाइम ट्रायलमध्ये ती जर्सी रोग्लिचने काढून घेतली. ज्या जर्सीसाठी सोलेरचा विजय गेला ती अंगावर एक टप्पाही टिकली नाही.

मग त्याच्यावर टीका झाली, त्याने माफी मागितली. व्यावसायिक नियमाने पाहिले तर चूक त्याचीच. पगार घेतो त्याने आज्ञा पाळावी. त्याने ती पाळली, पण मानाने नव्हे. मालिका पाहिल्यावर मात्र प्रश्न वेगळ्या ठिकाणी टोचतो. पाणक्याचे व्रत तेव्हाच पेलता येते जेव्हा पाणी कोणासाठी वाहायचे हे त्याला माहीत असते. इंदुराइन देल्गादोसाठी थांबला तेव्हा त्या घरात देल्गादोच कर्ता आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. सोलेर ज्याच्यासाठी थांबला तो किंताना हंगामाअखेर संघ सोडणार, हे साऱ्यांना ठाऊक होते. त्याच शर्यतीत वाल्वेर्देही तितक्याच जोराने पुढे होता. मग थांबायचे ते कोणत्या घरासाठी?

संघ सोडून जाण्याची ही गोष्ट मालिकेवर सावलीसारखी आहे. किंताना फ्रान्सच्या आर्केआकडे, लांदा बहरीनच्या संघाकडे, कारापास इनिऑसकडे निघाला होता. एका हंगामात गुलाबी जर्सी जिंकून देणारा आणि पिवळ्या जर्सीसाठी आणलेले दोघे, तिघेही उठून गेले. खेळाडूंचे करार, दलालांचे फोन, नव्या संघांची मोठी रक्कम हे सारे उन्हाळ्यातच चालू झालेले असते आणि तरी सप्टेंबरात त्यांनी एकमेकांसाठी वारा खावा अशी अपेक्षा असते. कार्यालयात राजीनामा दिलेल्या सहकाऱ्याबरोबर नोटिशीचे तीन महिने काढलेल्या वाचकांना या वातावरणाची ओळख पटेल.

सतराव्या टप्प्यावर आडव्या वाऱ्याने घोळक्याचे तुकडे झाले. ग्वादालाहारापर्यंतचे २१९ किलोमीटर ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक सरासरी वेगाने कापले गेले. बेल्जियमचा फिलिप जिल्बेर जिंकला, आणि पुढच्या तुकड्यात सापडलेला किंताना एका दिवसात एकूण क्रमवारीत दुसरा झाला. वाल्वेर्दे मागच्या तुकड्यात होता, त्याची घसरगुंडी झाली. एकाच संघातील दोघांची एकाच दिवशी एकाच वाऱ्याने केलेली ही उलटापालट. पुढचे चार दिवस दोघांपैकी कोण कोणाचा, हा पेच.

दोन दिवसांनी तोलेदोच्या वाटेवर घोळक्यात मोठी पडझड झाली. लाल जर्सीतला रोग्लिच आणि कोलंबियाचा मिगेल आन्हेल लोपेस हे दोघेही पडले. मोव्हिस्तारने त्याच वेळी पुढे येऊन वेग वाढवला. नेता पडलेला असताना हल्ला करू नये असा या खेळातला अलिखित संकेत आहे. उलट पडझडीच्या आधीच वाऱ्याचा फायदा घेण्याचे ठरले होते, असे संघाचे म्हणणे. थोड्या वेळाने ते थांबले. लोपेसने संध्याकाळी त्यांच्यावर सडकून टीका केली. माद्रिदला रोग्लिच पहिला, वाल्वेर्दे दुसरा, पोगाचार तिसरा आणि किंताना चौथा.

या प्रकरणात मालिका संघाची बाजू मांडते, आणि तेथे ती थोडी सैल पडते. प्रायोजकाचा हात येथे जाणवतो. गाडीतला संभाषणाचा जो तुकडा आपल्याला दाखवला तो कोणता, कापला तो कोणता, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही.

कॅमेरा घरात असला तरी

या शंकेला जुना आधार आहे. सायकल संघाच्या आत शिरलेले माहितीपट यापूर्वीही झाले. जर्मन दिग्दर्शक पेपे डांकार्ट यांनी २००३ च्या टूरमध्ये टेलेकोम संघाबरोबर राहून ‘होलनटूर’ केला. एरिक झाबेल आणि रोल्फ आल्डाग या दोन मित्रांची वेदना, विनोद आणि थकवा त्यात अप्रतिम आला आहे. डॅनिश दिग्दर्शक टोमास गिस्लासन यांनी २००४ मध्ये सीएससी संघाबरोबर ‘ओव्हरकमिंग’ केला. संघप्रमुख ब्यार्ने रीस त्याच्या केंद्रस्थानी. दोन्ही पाहताना वाटते की या माणसांनी आपल्यापासून काहीच लपवलेले नाही. २००७ च्या मे महिन्यात झाबेल, आल्डाग आणि रीस या तिघांनीही १९९० च्या दशकात आपण ईपीओ हे बंदी असलेले द्रव्य घेतल्याची कबुली दिली. चित्रपट खोटे नव्हते. मालिशच्या टेबलावरचे अश्रूही खरे होते. माणसे मात्र कॅमेऱ्यासमोर सगळीच्या सगळी येत नाहीत.

‘एल दिया मेनोस पेन्सादो’ त्या मानाने लहान सत्यांची मालिका आहे. कट नाही, खलनायक नाही. चित्रीकरणातही विशेष कारागिरी नाही. डोंगरांची हवाई दृश्ये आणि छातीत धडधड वाढवणारे संगीत हे नेहमीचेच. तीन वर्षांनंतर नेटफ्लिक्सनेच टूरवर काढलेली ‘अनचेन्ड’ ही मालिका दिसायला अधिक चकचकीत आहे आणि आठ-आठ संघांत फिरते. पण एकाच संघाबरोबर जानेवारी ते ऑक्टोबर राहिल्याने जे साधते ते तिला साधत नाही: जिरोतला हसरा चेहरा व्हुएल्तात कसा झाला, हे पाहण्याची सोय. मोव्हिस्तारच्या पुढच्या हंगामांवरही याच नावाने भाग निघाले. नव्या प्रेक्षकाने पहिल्या हंगामापासूनच सुरुवात करावी, आणि शर्यतींचे निकाल आधी वाचून घ्यावेत. निकाल माहीत असला की लक्ष चेहऱ्यांकडे जाते.

पुढे काय झाले

कारापास २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीचे सुवर्णपदक घेऊन आला. तोलेदोच्या दिवशी मोव्हिस्तारवर तुटून पडलेला लोपेस २०२१ मध्ये मोव्हिस्तारमध्येच आला आणि त्या वर्षीच्या व्हुएल्तात, तिसऱ्या स्थानावर असताना, शेवटून दुसऱ्या दिवशी मागे पडल्यावर वाटेतच सायकलवरून उतरला; त्या हंगामानंतर तो संघाबाहेर पडला. वाल्वेर्दे २०२२ च्या अखेरीस निवृत्त झाला, याच जर्सीत. किंताना २०२४ मध्ये मोव्हिस्तारकडे परतला.

मार्क सोलेरने २०२० च्या व्हुएल्तात दुसरा टप्पा जिंकला. मोठ्या शर्यतीतला त्याचा तो पहिला विजय. २०२२ मध्ये त्याने मोव्हिस्तार सोडून अमिरातीचा संघ धरला. तेथे नायक एकच आहे आणि तो कोण याबद्दल कोणाला विचारावे लागत नाही: आंदोराच्या पावसात सोलेर थांबला त्या दिवशी जिंकलेला पोगाचार. २०२४ ची टूर पोगाचारने जिंकली तेव्हा त्याच्यासाठी घाटाखाली वारा खाणाऱ्या सात जणांत सोलेर होता.